बाजरीवरच्या जांभळ्या चकत्या

आमच्या घराच्या दारामागं एका खिळ्याला जांभळ्या पोटाची एक चकती टांगलेली आहे. मधल्या भोकातून सुतळी ओवलेली. मागच्या साली घराला रंग दिला तेव्हा रंगाऱ्यानं ती काढून कोपऱ्यात टाकली, मी उचलून पुन्हा टांगली. लेक म्हणाली, "आई, आता असल्या चकत्या कुणी बघत पण नाही." तिचं खरं आहे. तिच्या मोबाईलमध्ये सगळं मावतं. पण ही चकती इथं कशी आली हे तिला नीट माहीत नाही. त्या दिवशी ती शाळेत होती, आणि मी काही सांगत बसणारी बाई नाही. ती बीडला दवाखान्यात नर्स आहे. शिकत असतानाची एक अर्धी कोरी वही तिनं मला दिली, भाजीचा हिशेब लिही म्हणून. भाजीचा हिशेब माझ्या डोक्यात राहतो. मी हे लिहिते.

मी चौथी शिकले. पाचवीत नाव घातलं होतं, पण माझी पाचवी जूनमध्ये सुरू झाली आणि दसऱ्याला संपली. दसरा झाला की आमच्याकडचे लोक ऊस तोडायला जातात. नवराबायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. आमच्यात माणसं अशीच मोजतात. आईबापाचा एक कोयता होता आणि धाकट्या भावाला सांभाळायला कुणी नव्हतं, म्हणून मी साखर कारखान्याकडं गेले, त्यांच्या कोपीवर, पाचटाच्या म्हणजे उसाच्या वाळल्या पाल्याच्या झोपडीत राहिले. उन्हाळ्यात परत आले तेव्हा माझ्या जागेवर दुसरी पोरगी बसली होती. मी वर्गाच्या दारात उभी राहिले. गुरुजी फळ्याकडं तोंड करून लिहीत होते. त्यांनी वळून बघितलं असतं तर मी आत गेले असते. आपण हाक मारावी एवढं धाडस माझ्यात नव्हतं. मी परतले ती परतलेच.

तेव्हापासून माझं असंच आहे. चारचौघांत बोलायचं म्हटलं की मी हाताला काहीतरी काम शोधते. 

लग्न झालं तेही कोयत्याशीच. सहा महिने कारखान्याकडं, सहा महिने गावात. तालुक्याचं गाव आमच्यापासून दीड कोसावर. गावात असले की मी तिथल्या एका फोटो स्टुडिओत झाडलोट करायला जायचे. स्टुडिओवाला आमच्याच गावचा, शाळेत ह्यांच्या खालच्या वर्गात होता. तो मला वैनी म्हणायचा, मी त्याला भावजी. दुकानात एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, एक कॅमेरा आणि मागं निळा पडदा. लग्नातले फोटो तो सीडीत भरून द्यायचा. कॉम्प्युटरच्या डब्यात त्यासाठी एक मशीन बसवलेलं होतं, त्याला तो रायटर म्हणायचा. बटण दाबलं की मशीन जीभ बाहेर काढायचं. जिभेवर चकती ठेवायची, जीभ आत जायची, दिवा लागायचा, आत घर्रर वाजायचं आणि दहा मिनिटांनी सगळे फोटो चकतीत उतरायचे. मी फरशी पुसता पुसता त्या दिव्याकडं बघत राहायचे.

लग्नाची शूटिंग मात्र तो बीडला पाठवायचा. तिकडून ती डीव्हीडीत भरून यायची. सीडी आणि डीव्हीडी वरून सारख्याच दिसतात, पण मला पुसायच्या असायच्या म्हणून पोटाचा रंग ठाऊक होता. सीडीचं पोट फिकट, ताकाच्या निवळीसारखं हिरवट. डीव्हीडीचं पोट जांभळं, वांग्याच्या सालीसारखं. बीडहून आलेली डीव्हीडी मशीनमध्ये घातली की कॉम्प्युटरच्या पडद्यावर वरात सुरू व्हायची, बँड वाजायचा. त्यामुळं भावजी येईल त्याला सांगायचा, आपलं मशीन सीडी पण घेतं आणि डीव्हीडी पण घेतं.

त्या साली पावसाळ्याच्या तोंडावर त्यानं कोऱ्या डीव्हीडीची एक गड्डी आणली. सारखं बीडला कशाला पळायचं, इथंच भरू, असा त्याचा विचार. पण एकही भरली नाही. चकती घातली की मशीन थोडं गुरगुरायचं आणि जीभ बाहेर काढायचं. माल डुप्लिकेट आहे म्हणून त्यानं सात-आठ चकत्या कोपऱ्यात भिरकावल्या आणि उरलेली गड्डी ज्याच्याकडून आणली त्याच्याकडं भांडून परत केली. बिघडलेल्या सीडीही त्याच कोपऱ्यात पडायच्या. मी विचारून सगळ्या घरी नेल्या. आमच्या बाजरीला चिमण्यांचा लई त्रास होता. चार काठ्या रोवून, सुतळी ताणून मी चकत्या कणसांच्या वर टांगल्या. वारा सुटला की त्या गरगर फिरायच्या, ऊन इकडून तिकडं उडायचं, आणि चिमण्यांचा थवा खाली उतरता उतरता वळून जायचा. चुलत सासरे गोफण घेऊन दिवसभर ओरडायचे, तेही म्हणाले की पोरीनं डोकं चालवलं.

लेक त्या साली पाचवीत होती. आजवर हंगामात तिला सासूबाई सांभाळायच्या. वैशाखात त्या वारल्या. म्हणजे दसऱ्यानंतर लेकीला उसाच्या फडावर न्यावं लागणार, आणि तेही पाचवीतूनच. मी कुणाला काही बोलले नाही, पण श्रावणापासून मला दुसरं काही सुचत नव्हतं. रोज संध्याकाळी ती मोठ्यानं धडा वाचायची आणि मी भाकरी थापता थापता दसरा किती दिवसांवर आला ते मोजायचे.

अशात गावच्या शाळेत नवे गुरुजी आले. त्यांनी ठरवलं की ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या लेकरांसाठी शाळेतच हंगामी वसतिगृह सुरू करायचं. आईबाप गेले तरी लेकरं गावात राहतील, शाळेत जेवतील, झोपतील, शिकतील. त्यासाठी प्रत्येक लेकराचा फोटो, आईबापाचा फोटो, रेशनकार्डाचा आणि अर्जाचा फोटो, असं सगळं चकतीत भरून तालुक्याच्या ऑफिसात द्यायचं होतं. दसऱ्यानंतर दोनच दिवसांची मुदत होती. ऑफिसची पोच हातात पडली की वसतिगृहाची चूल पेटवायची परवानगी होती. नाही पडली तर त्या वर्षी वसतिगृह नाही. गुरुजी घरोघर फिरले, त्रेपन्न लेकरांची यादी केली, कागद गोळा केले. भावजीनं शाळेत येऊन फोटो काढले. लेक फोटोला उभी राहिली तेव्हा तिनं हनुवटी इतकी वर केली होती की भावजीला दोनदा सांगावं लागलं, खाली बघ म्हणून.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी हत्यारांची पूजा. घरी मी कोयते धुऊन पाटावर मांडले, हळदकुंकू वाहिलं, आणि दुकानात गेले. भावजी म्हणाला, वैनी, इथली पूजा तुम्हीच करा, मला हार आणायला जायचंय. मी कॅमेऱ्याला, प्रिंटरला, पडद्याला हळदकुंकू लावलं. मग कॉम्प्युटरच्या डब्यासमोर बसले. कोयत्याची पूजा करताना हळद धारेला लावतात, मुठीला नाही. जे काम करतं त्याला लावायची. डब्यात काम करते ती जीभ, असा मी विचार केला. बटण दाबलं, जीभ बाहेर आली, तिच्यावर हळदीची पाच बोटं ओढली, कुंकू टेकवलं, हात जोडले, आणि जीभ आत गेली.

दसऱ्याला दुकान बंद होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजी कोऱ्या डीव्हीडी घेऊन आले. एवढे फोटो सीडीत मावायचे नाहीत, चांगल्या कंपनीच्या डीव्हीडी आणा, असं भावजीनंच त्यांना सांगितलं होतं. त्यांनी त्या खास बीडहून आणल्या होत्या. भावजीनं पहिली घातली. मशीन गुरगुरलं आणि जीभ बाहेर आली. दुसरी घातली, तेच. पडद्यावर इंग्रजीत काहीतरी आलं. ह्या वेळी माल डुप्लिकेट म्हणायची सोय नव्हती. भावजीनं खाली वाकून जिभेकडं बघितलं आणि मला हाक मारली.

"वैनी, हिला हळद कुणी लावली?"

मी केरसुणी धरून उभी होते. "मी," म्हणाले.

"कावून?"

धारेचं मला सांगता आलं नाही. बाकावर फोटोसाठी एक म्हातारबाबा बसले होते, पटका मांडीवर ठेवून. ते म्हणाले, "हळद लावून ठिवली, म्हंजी मशीनचं लगीन ठरलंय. आता ते काम करतंय व्हय, सासरी जायचं सोडून?" दारात उभे असलेले दोघं-तिघं हसले. भावजी हसला नाही. त्यानं कापसानं आणि स्पिरिटनं जीभ पुसली, आत फुंकर मारली, परत चकती घातली. परत तेच. बीडच्या मेकॅनिकला फोन लावला. तो म्हणाला, सणाला गावाकडं आलोय, परवा दुकान उघडीन. वराती भरून देणारं बीडचं दुकानही तोवर बंद, आणि गावातला दुसरा फोटोवालाही कुलूप लावून देवदर्शनाला गेलता. आणि यादी उद्याच द्यायची होती.

गुरुजींनी डीव्हीडी परत पिशवीत घातल्या, पिशवीचा बंद बांधला, आणि मग विचारलं, "ताई, तुमची मुलगी पाचवीत आहे ना?" मी मान हलवली. ते बाहेर जाऊन ओट्यावर बसले. भावजी म्हणाला, जावा वैनी आज घरी. 

माझ्या आधी बातमी गावात पोचली होती. हापशावर मी घागर टेकवली तर गल्लीतली एक बाई, जिची दोन लेकरं यादीत होती, दुसरीकडं बघून म्हणाली, "हिच्या हळदीपायी आता आमची लेकरं पाचट वेचायला." मी घागर अर्धीच भरून निघाले.

घरी ह्यांना सगळं सांगितलं. ह्यांनी आवाज चढवला असता तर बरं वाटलं असतं. हे म्हणाले, "जाऊ दे. एक गोधडी जास्तीची बांध."

लेक उंबऱ्यात बसून ऐकत होती. तिनं विचारलं, "तिकडं शाळा असती का?" हे कोयते गोणपाटात गुंडाळायला लागले. ती उठली, दप्तरातली पुस्तकं काढून तिनं कपड्यांच्या गाठोड्यावर एकावर एक रचून ठेवली. मोठी खाली, लहान वर. मी ते बघितलं आणि सरळ रानात निघून गेले.

ऊन उतरायला लागलं होतं. मी बांधावर बसले. समोर बाजरीवर चकत्या फिरत होत्या. रोजच्याच. पण त्या दिवशी मला दुसरीकडं कुठं बघवत नव्हतं म्हणून मी त्यांच्याकडंच बघत बसले. तिरप्या उन्हात एक सीडी वळली आणि तिच्या पोटावर एक कडं दिसलं. मधल्या भोकापासून बोटभर रुंद, बाकीच्या पोटापेक्षा काळसर. जात्याच्या खुंट्याभोवती ओल उमटावी तसं. पुढची सीडी वळली, तिच्यावरही कडं, जरा जास्त रुंद. तिसरीवर निम्म्या पोटापर्यंत. म्हणजे ह्या भरता भरता मधेच बिघडल्या होत्या. जेवढं भरलं तेवढं काळं झालं होतं. 

मग एक डीव्हीडी वळली. जांभळी, आणि पूर्ण कोरी. दुसरी, कोरी. मी उठून सुतळीखाली गेले. एक एक चकती हातात धरून उन्हाकडं फिरवून बघितली. जांभळ्या आठ होत्या. आठांवर कडं नव्हतं. केसाएवढंही नव्हतं.

मी तिथंच बाजरीत उभी राहिले. ह्या आठ चकत्या पावसाळ्याआधीच्या. तेव्हा कुठली खंडेनवमी आणि कुठली हळद. आमच्या मशीननं जांभळी चकती कधी भरलीच नव्हती. आज नाही, तेव्हाही नाही. मग बीडची डीव्हीडी लावली की वरात दिसते, ती? ती बीडच्या मशीननं भरलेली. आमचं मशीन ती नुसती दाखवतं. भरलेली दाखवतं, पण कोरी भरत नाही. सीडी मात्र ते भरतं, कारण ही कडी त्यानंच उठवलीत.

चिमण्या माझ्या डोक्यावरून गेल्या, मी हात वर केला नाही. माझ्या हळदीनं काही झालेलं नव्हतं. एवढंच पुन्हा पुन्हा मनात येत होतं, आणि हसू येत होतं. एकटीच बाजरीत हसत होते. मी सुतळी सोडली, चार जांभळ्या आणि चार फिकट चकत्या पदरात बांधल्या.

सकाळी चालत निघाले तेव्हा दीड कोस मी एकच वाक्य पाठ करत होते. दुकानाच्या पायरीवर आले आणि ते विसरले. आत भावजी, गुरुजी आणि कालचेच म्हातारबाबा. त्यांचा फोटो काल राहिला होता. मी केरसुणी घेतली नाही. काउंटरपाशी जाऊन पदर सोडला आणि चकत्या पालथ्या मांडल्या, एका ओळीत फिकट, एका ओळीत जांभळ्या.

भावजी म्हणाला, "हे काय वैनी, बाजार मांडला का?"

मला दिसलं की गुरुजी वळून माझ्याकडं बघतायत. गुरुजींचं तोंड फळ्याकडं नव्हतं. मी बोलले.

"भावजी, ह्या फिकटांवर कडं हाय. जांभळ्यांवर न्हाई. तुमच्या मशीननं जांभळी कधीच भरली न्हाई. ह्या पावसाळ्याच्या आधीच्या हायत, तवा हळद नव्हती."

"अहो, आपलं मशीन डीव्हीडी घेतं की. रोज वराती बघतो आपण."

"बघतो. भरलेली बघतो." मग मला पुढचं सुचलं, कुठून सुचलं माहीत नाही. "गिरणीत ज्वारी दळती. मिरची कांडायचं मशीन निराळं. गिरणीवाल्याच्या घरी चटणी असती, म्हणून गिरणी मिरची कांडती असं न्हाई."

म्हातारबाबा म्हणाले, "बरोबर हाय." 

भावजी काहीतरी म्हणणार होता, पण गुरुजींनी दोन चकत्या उचलल्या आणि दाराच्या उजेडात नेल्या. फिरवून बघितल्या. मग ते म्हणाले, मशीनवर काय लिहिलंय ते वाचा बरं. मशीनच्या ओठावर बारीक इंग्रजी अक्षरं होती. रोज मी ती पुसायचे, पण मला इंग्रजी येत नव्हतं. आणि भावजीनं ती कधी वाचली नव्हती, कारण वरात दिसत होती. त्यानं चष्मा लावला, गुडघ्यावर बसला. सीडीच्या खुणेखाली लिहिता येतं असं लिहिलं होतं. डीव्हीडीच्या खुणेखाली फक्त वाचता येतं असं. तो गुडघ्यावरच बसून राहिला. नंतर म्हणाला, "गड्डी परत करताना मी त्या माणसाला काय काय बोललो." आणि कपाळाला हात लावला.

पण माझी एक भीती उरली होती. डीव्हीडीचं खोटं ठरलं, पण काल हळदीनंतर सीडी भरतेय का हे कुणी बघितलंच नव्हतं. भावजीनं कोरी सीडी जिभेवर ठेवली. जीभ आत गेली. दिवा लागला. मशीन गुरगुरलं, आणि मी डोळे मिटले. पण जीभ बाहेर आली नाही. पडद्यावरच इंग्रजी आलं. भावजी म्हणाला, चकती घेतली, पण जागा पुरत नाही म्हणतंय. म्हणून तर डीव्हीडी आणायला सांगितल्या होत्या.

मी म्हणाले, "एका पोत्यात मावंना तर दोन पोती करावी." दुसऱ्यांदा बोलणं सोपं असतं.

गुरुजी मोठ्यानं हसले. दोन दिवसांत पहिल्यांदा. मग त्यांनी बसून नावं वाटली, मुली एका सीडीत आणि मुलं दुसऱ्या. मुलींची आधी घातली. दिवा लागला तो लागलाच राहिला. आत घर्रर सुरू झालं. चौघं त्या दिव्याकडं बघत बसलो. म्हातारबाबांनी फोटोचं नाव काढलं नाही. दहा मिनिटांनी जीभ बाहेर आली, चकती हाताला कोमट लागत होती, आणि तिच्या पोटावर रुंद काळसर कडं होतं. मी ते बोटानं दाखवलं. भावजी म्हणाला, "दिसलं वैनी, दिसलं."

दुसरी भरली. वर नाव घालायचं मार्कर भावजीनं माझ्यासमोर धरलं. मी मागं सरले. तो म्हणाला, माझं अक्षर डॉक्टरसारखं हाय, साहेबाला वाचता येणार न्हाई. मी एकीवर ‘मुली’ लिहिलं आणि दुसरीवर ‘मुले’. चौथीतलं अक्षर, पण वळणदार. चौथीच्या बाईंनी तेव्हा त्याला छान म्हटलं होतं.

गुरुजी मला ऑफिसात सोबत घेऊन गेले. मी नको म्हणत होते, पण ते म्हणाले, काही विचारलं तर कोण सांगणार. व्हरांड्यात पाच-सहा गावांचे गुरुजी उभे होते, आणि सगळ्यांचे चेहरे उतरलेले. टेबलाशी बसलेल्या कारकुनाचा, भाऊसाहेबांचा, कॉम्प्युटर जुना होता. त्याचं मशीन फक्त सीडी ओळखायचं. सगळ्यांनी सणाआधीच बीडहून डीव्हीडी भरून आणल्या होत्या, आणि एकाचीही उघडत नव्हती. भाऊसाहेब बिचारे सगळ्यांना तेच सांगत होते, की माझ्या हातात काही नाही, इथं दिसल्याशिवाय मी पोच कशी देऊ.

आमच्या गुरुजींनी सीडी दिली. भाऊसाहेबांनी ती आत घातली. पडद्यावर एकामागून एक आमच्या गावच्या पोरी उमटल्या. त्यात माझी लेक, हनुवटी वर करून. भाऊसाहेबांनी दुसरी घातली, ती पण उघडली. त्यांनी शिक्का मारून पोच दिली आणि विचारलं, "सीडी आणायची कुणी सुचवली हो तुम्हाला?"

गुरुजींनी माझ्याकडं हात केला. सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी माझ्या चपलांकडं बघितलं, पण पळाले नाही. आणि तिथं उभी असताना मला एक गोष्ट कळली. ह्या सगळ्यांच्या हातात भरलेल्या डीव्हीडी आहेत. भरलेली डीव्हीडी आमच्या मशीनला दिसते. आणि सीडी आमचं मशीन भरतं. मी आमच्या गुरुजींना हळूच म्हणाले, "ह्यांना दुकानात घेऊन चला. आपल्या मशीनला जांभळी वाचता येती आणि फिकट लिहिता येती. हितं नेमकं तेच पाहिजे."

त्या दुपारी स्टुडिओत लग्नसराईत नसते एवढी गर्दी झाली. भावजी एकेकाची डीव्हीडी आत घालायचा, फोटो कॉम्प्युटरमध्ये उतरवून घ्यायचा, मग त्याच जिभेवर सीडी ठेवायचा. जास्तीच्या सीडी म्हातारबाबा स्वतः शेजारच्या दुकानातून घेऊन आले. एका चकतीत न मावणाऱ्यांच्या दोन केल्या, एका मोठ्या गावाच्या तीन. नावं मी घातली. गावाचं नाव, खाली मुली, मुले. मला कुणी ओळखत नव्हतं तरी प्रत्येक गुरुजी चकती माझ्यासमोर धरून आपल्या गावाचं नाव सांगत होता, आणि मी लिहीत होते. एकानं विचारलं, ताई, तुम्ही इथं कॉम्प्युटर चालवता का. मी काही बोलायच्या आत भावजी म्हणाला, "कॉम्प्युटर मी चालवतो. मला त्या चालवतात." ऑफिस बंद व्हायच्या आत शेवटची सीडी गेली. सगळ्या गावांना पोच मिळाली.

गर्दी हटल्यावर भावजीनं म्हातारबाबांना खुर्चीवर बसवलं, पटका सरळ करून दिला, फोटो काढला. मग हळदीची वाटी माझ्यापुढं सरकवली. म्हणाला, वैनी, आज लावा, पण जिभंला नको, कपाळाला लावा. मी डब्याच्या कपाळाला एक बोट लावलं. 

हापशावर संध्याकाळी ती गल्लीतली बाई माझ्या आधी आलेली होती. तिनं आपली घागर बाजूला काढली आणि माझी खाली ठेवली. दांडाही तीच हापसायला लागली. घागर काठोकाठ भरली.

घरी पोच दाखवायला माझ्याकडं काही नव्हतं, ती गुरुजींकडं होती. मी सोबत आणलेली एक जांभळी चकती दारामागच्या खिळ्याला टांगली आणि नुसतं सांगितलं. ह्यांनी दोनदा विचारलं, खरंच का. मग उठून जास्तीची गोधडी गाठोड्यातून सोडली आणि खुंटीवर टाकली. लेकीनं पुस्तकं गाठोड्यावरून उचलून दप्तरात भरली. तिला एवढंच कळलं होतं की यादी पोचली. तेवढं पुरेसं होतं.

आठवड्यानं ट्रॅक्टर आले. दर साली ट्रॉलीत भांडी, सरपण, कोंबड्या आणि त्यांच्यावर लेकरं बसलेली असायची. ह्या साली वर फक्त अंगावरची तान्ही होती. ट्रॅक्टर शाळेवरून जातो. मला वाटलं होतं लेक दारात येईल, हात करेल. मी पदर डोक्यावर नीट घेऊन ट्रॉलीच्या कडेला बसले होते, तिला दिसावं म्हणून. 

ती आली नाही. दारात कुणीच नव्हतं. शाळेपाशी बैल आडवे आले म्हणून ड्रायव्हरनं ट्रॅक्टर थांबवला, तेव्हा खिडकीतून ऐकू आलं. आत हजेरी चालली होती. गुरुजी एकेक नाव घेत होते आणि पोरं उत्तर देत होती. ट्रॉलीतल्या सगळ्या बाया खिडकीकडं वळल्या, प्रत्येक जणी आपल्या लेकराचं नाव यायची वाट बघत होती. गुरुजींनी माझ्या लेकीचं नाव घेतलं. ती माझ्यासारखी नाही. एवढ्या मोठ्यानं "हजर" म्हणाली की पुढं बसलेल्या ह्यांनाही ऐकू गेलं, आणि त्यांनी मागं वळून माझ्याकडं बघितलं.